भिंतीपासून जॉबपर्यंत

महाराष्ट्रात घराचं वायरिंग चालू असताना वायरमन विचारतो, "पॉवर पॉइंट कुठे कुठे काढायचे?" त्याला म्हणायचा असतो गिझरचा, एसीचा, जाड पिनांचा पॉइंट. न्यूझीलंडमध्ये मात्र भिंतीवरच्या कुठल्याही साध्या सॉकेटला 'पॉवर पॉइंट' म्हणतात आणि तो असतो १० अँपिअरचा. मोबाइल चार्जर लावायचा तोच पॉइंट, किटली लावायची तोच. इथे नवीन आलेला आपला माणूस घर भाड्याने घेताना विचारतो, गराजमध्ये पॉवर पॉइंट आहे का? 'आहे' असं उत्तर मिळालं की तो निर्धास्त होतो, आणि पुढे कधीतरी हौसेने वेल्डिंग मशीन घेऊन येतो.

मी ईस्ट टामाकीत एका फॅब्रिकेशन शेडमध्ये काम करतो. ऑकलंडच्या आग्नेयेला, टामाकीच्या खाडीलगतचा हा कारखान्यांचा भाग. हॅरिस रोड, स्प्रिंग्ज रोड, क्रायर्स रोड, सगळीकडे शेडच शेड. पलीकडे हायब्रुकची मोठाली गोदामं. फिशर अँड पायकल हेल्थकेअरचं मुख्यालयही इथलंच. आणि लागूनच फ्लॅट बुश, बॉटनी, जिथे आपली बरीच कुटुंबं राहतात. इथे घरटी नाही तरी दर चार घरांआड एक ट्रेलर असतो. फर्निचर आणायला, बागेतला कचरा टाकायला तो लागतोच. त्याची जाळी तुटली, मडगार्डचा टाका सुटला की रविवारी फोन येतो, "दादा, कुठलं मशीन घेऊ?" मी उलट विचारतो, "पॉइंट कुठला आहे?"

गेल्या हिवाळ्यात असाच एकाच्या गराजमध्ये गेलो होतो. मशीन चालू होतं, चालवणारा खूश होता. मी प्लग काढून हातात घेतला. मधली अर्थची पिन दोन्ही कडांनी कानशीने घासलेली होती, पितळ उघडं पडून चकाकत होतं. सॉकेटच्या एका फटीभोवती प्लॅस्टिक तपकिरी झालं होतं, चहाच्या डागासारखं. प्लगही हाताला चटका बसेल इतका तापला होता. सेकंडहँड घेतलेल्या मशीनला १५ अँपिअरचा प्लग होता, तो भिंतीत जाईना, म्हणून त्याने पिन घासून बसवली होती.

इथल्या १५ अँपिअरच्या प्लगची अर्थ पिन मुद्दामच रुंद ठेवतात. १० चा प्लग १५ च्या सॉकेटमध्ये जातो, १५ चा प्लग १० च्या सॉकेटमध्ये जात नाही. ज्याला जास्त करंट लागतो ते यंत्र कमी ताकदीच्या जागी लागूच नये, हा त्यामागचा विचार. ती रुंदी घासून काढणं म्हणजे कुलूप तोडण्यासारखं आहे.

लोक यावर म्हणतात, जास्त करंट गेला तर एमसीबी पडेलच की. पडणार नाही, आणि हीच गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. इथल्या घरांत एकाच सर्किटवर अनेक पॉइंट असतात. भिंतीतली वायर बहुधा अडीच एमएमची आणि बोर्डावरचा एमसीबी १६ किंवा २० अँपिअरचा असतो. एमसीबी राखण करतो ती भिंतीतल्या वायरची. तुमच्या मशीनने १० च्या पॉइंटमधून १४ अँपिअर ओढले, तर २० च्या एमसीबीच्या दृष्टीने सगळं ठीक चाललेलं असतं. तापते ती सॉकेटच्या आतली पितळी पट्टी. तापली की तिची पकड सैल होते, सैल झाली की आणखी तापते. इथली घरं बहुतेक लाकडी सांगाड्याची. ती पट्टी ज्या भिंतीत बसलेली असते, तिच्या आत लाकूडच असतं.

मग मशीन किती ओढणार हे कसं कळायचं? मशीनच्या मागे किंवा खाली एक पाटी असते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत '१४०' किंवा '२००' छापलेलं असतं, ते बाजूला ठेवा आणि पाटी वाचा.

आर्कला लागणारी वीज आधी हिशेबाने पाहू. रॉडच्या वेल्डिंगमध्ये आर्कचा व्होल्टेज साधारण २० अधिक करंटचा पंचविसावा भाग इतका धरतात. अडीच एमएमचा रॉड ८० अँपिअरवर चालवला तर आर्कला २३ व्होल्टच्या आसपास, म्हणजे सुमारे १८५० वॅट. मशीनमध्ये थोडी वीज वाया जाते. ८० टक्के कार्यक्षमता धरली तर भिंतीतून २३०० वॅट हवेत. २३० व्होल्टला हे झाले १० अँपिअर. पण हे झालं पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असलेल्या महाग इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनचं. स्वस्त इन्व्हर्टरचा पॉवर फॅक्टर ०.७ च्या जवळपास असतो, त्यामुळे तेवढ्याच आर्कसाठी तो भिंतीतून १४ अँपिअरहून जास्त ओढतो. दोन्ही खोक्यांवर आकडा तोच आणि रॉडही तोच, पण एक मशीन १० च्या पॉइंटवर जेमतेम भागवतं आणि दुसरं तो पॉइंट जाळतं. किमतीतला फरक कशाचा, हे दुकानात सहसा कुणी सांगत नाही.

पाटीवर आत येणाऱ्या करंटचे दोन आकडे असतात, एक कमाल आणि एक प्रभावी (इफेक्टिव्ह). शेजारी टक्क्यांत ड्यूटी सायकल लिहिलेली असते. समजा १४० अँपिअरला २५ टक्के लिहिलंय. याचा अर्थ दहा मिनिटांतली अडीच मिनिटं आर्क आणि साडेसात मिनिटं विश्रांती, आणि तीही ४० अंश तापमान धरून. कमाल इनपुट २८ अँपिअर असेल तर प्रभावी १४ असतो, कारण ०.२५ चं वर्गमूळ निम्मं येतं. प्लग आणि वायर ठरवतात ती या दुसऱ्या आकड्यावरून. म्हणून अशा मशीनला १५ अँपिअरचा प्लग असतो. करंट कमी केला की कामाची वेळ वाढते: हेच मशीन ९० अँपिअरवर दहापैकी सहा मिनिटं चालेल, ७० वर सलग. ट्रेलरची जाळी ७०–८० वर आरामात शिवली जाते, त्यासाठी १४० च्या मागे लागायचं कारणच नाही.

१५ चा पॉइंट नसेल तर काढून घ्यावा. परवाना असलेला इलेक्ट्रिशियन बोर्डापासून वेगळं सर्किट टाकतो, त्याचा स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीडी बसवतो (आपल्याकडे ज्याला ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात तोच), आणि काम झाल्यावर तसं प्रमाणपत्र देतो. ते कागद जपून ठेवा. घर विकताना आणि विम्याच्या वेळी लागतात. भाड्याचं घर असेल तर मालकाची परवानगी घ्या. खर्च होतो, हे खरं. पण मशीन घेण्याचा विचार करताना हा खर्च मशीनच्याच किमतीत धरावा असं माझं स्पष्ट मत आहे. तेवढा परवडत नसेल तर १० अँपिअरच्या प्लगसह येणारं, पॉवर फॅक्टर सुधारलेलं लहान मशीन घ्या. घरच्या कामाला ते पुरतं.

गावाकडून मशीन आणणारेही भेटतात. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात शिकलो. तिथे तेलात बुडवलेले ट्रान्सफॉर्मर असत, दोन फेजांवर, ४१५ व्होल्टला जोडलेले. इथल्या कारखान्यांत तीन फेजचा ४०० व्होल्टचा पुरवठा असतो, पण बहुतेक घरांना एकच फेज, २३० व्होल्ट. तेव्हा कारखाना बंद होताना स्वस्तात मिळालेलं तीन फेजचं मशीन घरी आणून ठेवण्यात अर्थ नाही. भारतातून आणलेल्या एकफेजी मशीनला तिथला सोळाचा गोल पिनांचा प्लग असतो. तो अडॅप्टर लावून चालवू नका. वेल्डिंगचा करंट वाहून नेणारे ट्रॅव्हल अडॅप्टर नसतात.

एक्स्टेंशनचंही तसंच. गराजपासून अंगणात पंचवीस मीटर वायर ओढली, ती एक एमएमची असेल, तर जाऊन येऊन पन्नास मीटर तांब्याचा रोध ०.९ ओहमच्या जवळ जातो. त्यातून १४ अँपिअर गेले की बारा व्होल्ट वाटेतच हरवतात आणि पावणेदोनशे वॅटच्या आसपास उष्णता वायरीत तयार होते. साठ वॅटचे जुने पिवळे बल्ब आठवा; तसे तीन बल्ब त्या वायरीत पेटलेत असं समजा. वायर मोकळी पसरलेली असेल तर ही उष्णता हवेत जाते. रिळावर गुंडाळलेली असेल तर आतले वेढे एकमेकांना भाजतात, आणि बाहेरून हात लावून काही कळत नाही. अडीच एमएमची वायर घ्या, १५ अँपिअरची, लागेल तेवढीच लांब, आणि वापरताना रिळावरून पूर्ण सोडा. दोन एक्स्टेंशन एकमेकांना जोडू नका. मशीन जवळ नेता येत नसेल तर वेल्डिंगच्या केबली लांब आणि जाड घ्या.

हा झाला अर्धा रस्ता, भिंतीपासून मशीनपर्यंतचा. उरलेला अर्धा मशीनपासून जॉबपर्यंतचा, म्हणजे ज्याला वेल्ड करायचं त्या लोखंडापर्यंतचा, आणि माझ्या मते खरी काळजी इथे घ्यायची. मशीनच्या आत ट्रान्सफॉर्मर असतो, जुन्या मशीनमध्ये मोठा, इन्व्हर्टरमध्ये मुठीएवढा. तो दोन्ही सर्किटं एकमेकांपासून तोडतो. एका बाजूला २३० व्होल्ट आणि थोडे अँपिअर, दुसऱ्या बाजूला थोडे व्होल्ट आणि भरपूर अँपिअर. भिंतीतला एमसीबी आणि आरसीडी फक्त पहिल्या बाजूकडे पाहतात. रॉड धरणाऱ्या होल्डरच्या बाजूने तुम्हाला शॉक बसला तर आरसीडी पडणार नाही. त्याला तो दिसतच नाही. या बाजूचे राखणदार फक्त तुमचे हातमोजे, बूट आणि शिस्त.

आर्क नसताना होल्डरवर ६० ते ८० व्होल्ट उभे असतात. कोरड्या हाताला फार जाणवत नाहीत. पण घामाने भिजलेला शर्ट, ओले मोजे, ट्रेलरखाली ओल्या काँक्रीटवर टेकलेली पाठ, अशा वेळी हेच व्होल्ट जिवावर बेततात. ऑकलंडचा हिवाळा भुरभुर पावसाचा आणि दमट असतो. म्हणून व्हीआरडी असलेलं मशीन घ्या. आर्क नसताना ते होल्डरवरचा व्होल्टेज ३५ च्या खाली उतरवून ठेवतं आणि रॉड टेकला की क्षणात परत चढवतं. पाटीवर चौकटीत इंग्रजी 'एस' हे अक्षर आहे का तेही पाहा. विजेचा धोका जास्त असलेल्या जागी ते मशीन चालवायला योग्य आहे, अशी ती खूण. तरीही पावसात काम नको. खाली कोरडी रबरी चटई किंवा फळी, कोरडे चामडी मोजे, आणि एक जादा जोड जवळ. रॉड बदलतानाही मोजा काढायचा नाही.

आता त्या क्लॅम्पकडे येऊ, ज्याला आपल्या सगळ्या शॉपमध्ये 'अर्थ' म्हणतात. "अर्थ लाव रे" असं मीही हजारदा म्हटलंय. हा शब्द फसवा आहे. त्या क्लॅम्पचा जमिनीशी काही संबंध नाही. ती परतीची वाट आहे. होल्डरमधून गेलेला ८० अँपिअर करंट जॉबमधून त्याच क्लॅम्पने मशीनमध्ये परत यायला हवा. 'अर्थ' म्हटल्यामुळे लोकांना वाटतं की शेडचा खांब, बाकाचा पाय, पाण्याचा पाइप, कुठेही चिमटा लावला तरी चालतं.

एक उदाहरण घ्या. क्लॅम्प लावला शेडच्या लोखंडी खांबाला. जॉब ठेवला बाकावर, आणि त्याचं एक टोक टेकलंय शेजारच्या पिलर ड्रिलच्या बॉडीला. आर्क पेटला. करंटला मशीनकडे परतायचंय आणि त्याला सगळ्यात सोपी वाट सापडते ती अशी: जॉबमधून ड्रिलच्या बॉडीत, तिथून ड्रिलच्या प्लगमधल्या बारीक हिरव्या-पिवळ्या अर्थच्या वायरीत, भिंतीतल्या अर्थिंगमधून खांबात, आणि खांबातून क्लॅम्पला. जी वायर अडीअडचणीला क्षणभर करंट वाहून न्यायला ठेवलेली, तिच्यातून ८० अँपिअर मिनिटभर धावतात. अर्थच्या वायरीला एमसीबी नसतो, त्यामुळे काहीच पडत नाही. वेल्ड झाला, कुणाला कळलंही नाही, आणि ड्रिलची अर्थिंग आतून जळून तुटली. ड्रिल पूर्वीसारखंच चालत राहतं. काही महिन्यांनी त्याच्या मोटरमध्ये फेज बॉडीला लागतो, तेव्हा ते अडवायला अर्थ शिल्लक नसते, आणि हँडलला हात लावणारा भलताच कुणीतरी असतो.

म्हणून क्लॅम्प थेट जॉबलाच लावा, जिथे वेल्ड करायचाय तिथून वीतभर अंतरावर. रंग आणि गंज घासून लख्ख धातूवर. जबडा सैल असेल तर बदला.

ट्रेलरला हा नियम आणखी महत्त्वाचा. आधी ट्रेलर गाडीपासून सोडवा आणि दिव्यांचा प्लग काढा. गाडीला जोडलेला असताना वेल्डिंग केलं तर करंट टोबॉलमधून गाडीच्या वायरिंगमध्ये शिरू शकतो आणि इलेक्ट्रॉनिक्स निकामी करू शकतो. क्लॅम्प चाकाला लावला आणि वेल्ड ट्रेलरच्या सांगाड्यावर असेल, तर करंट बेअरिंगमधून जाऊन त्यात बारीक खड्डे पाडतो. पुढे ते हायवेवर कळतं. आणि ड्रॉबारला, कपलिंगला घरी हात लावू नका. जाळी तुटली तर कचरा सांडेल, ड्रॉबार तुटला तर मागच्या गाडीतली माणसं जातील. ट्रेलरलाही वॉरंट ऑफ फिटनेस लागतं, ते याचसाठी. ड्रॉबारचं काम हॅरिस रोडच्या एखाद्या शेडमध्ये न्या.

मशीन लावताना माझा क्रम ठरलेला आहे. सगळे स्विच बंद. केबलींचे प्लग मशीनमध्ये घालून पिळून घट्ट. अर्धवट पिळलेला प्लग वितळतो. केबलीवर कुठे तांबं दिसतंय का, होल्डरचं बॅकेलाइट फुटलंय का, ते बोटाने चाचपून पाहणं. क्लॅम्प जॉबला. होल्डर रिकामा, जॉबपासून दूर, कोरड्या लाकडावर. मग भिंतीचा स्विच, शेवटी मशीनचा. बंद करताना रॉड काढून टाकायचा, पंखा थोडा वेळ फिरू द्यायचा, मग मशीन, मग भिंत. कारखान्यात या वायरींची ठरावीक मुदतीने तपासणी होते आणि तारखेचा टॅग लागतो. घरी टॅग लावायला कुणी येत नाही, तेव्हा ही चाचपणी तुम्हीच करायची.

साधा ६०१३ चा अडीच एमएमचा रॉड ७० ते ९० अँपिअरवर चालतो, ३.१५ चा ९० ते १३० वर. ७०१८ चे रॉड ओलावा धरतात. या हवेत उघडं पाकीट ठेवलं की वेल्डला भोकं पडतात. हेल्मेटच्या काचेचा नंबर १० किंवा ११. डोळ्यांना आर्क लागला की त्याच वेळी कळत नाही, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. पोरं कुतूहलाने बघायला येतात, त्यांना गराजच्या बाहेर ठेवा.

इथले ट्रेलर बहुतेक जस्ताचा मुलामा दिलेले असतात. तो जळला की पांढरा धूर निघतो आणि संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. वेल्डच्या जागेचा मुलामा आधी ग्राइंडरने काढा, गराजचं दार पूर्ण उघडं ठेवा, धुराचा मास्क लावा. वेल्डिंगच्या धुराने कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये पक्कं ठरवलं आहे. त्याआधी ते 'शक्यता' म्हणून नोंदलेलं होतं. आणि ब्रेक क्लीनरने पुसलेल्या धातूवर आर्क कधीही पेटवू नका. त्यातल्या काही द्रावणांत क्लोरीन असतं, आणि आर्कच्या प्रकाशात व उष्णतेत त्याचा फॉसजिन हा विषारी वायू होतो.

शेवटी आग. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये ऑकलंडच्या मध्यभागी बांधकाम चालू असलेल्या कन्व्हेन्शन सेंटरच्या छताला आग लागली. तिथे गॅसच्या टॉर्चने छताचं काम चाललं होतं. शहरभर कित्येक दिवस धूर होता. आपलं गराज त्यापुढे लहान, पण त्यात लॉनमोवरचं पेट्रोल, खोकी, जुन्या गाद्या सगळं एका भिंतीला टेकलेलं असतं. ठिणगी फटीत जाऊन तासभर धुमसू शकते. काम सुरू करण्याआधी हे सामान बाहेर काढा, पाण्याची नळी आणि अग्निशामक हाताशी ठेवा. काम संपल्यावर निदान अर्धा तास तिथेच थांबा, आणि झोपण्याआधी पुन्हा एकदा जाऊन वास घेऊन या.

त्या गराजमधला घासलेला प्लग मी त्याच दिवशी कापून टाकला. तिथे आता वेगळ्या सर्किटवर १५ अँपिअरचा पॉइंट आहे. तुमचा प्लग एकदा काढून त्याची मधली पिन पाहा. तिच्यावर कानशीच्या खुणा असतील तर मशीन बंद ठेवा आणि इलेक्ट्रिशियनला फोन करा.